मुठीनं फेकलेला सरवा

"वाका गं वाका! आन् वेचताना जरा हसा की. मयताला आल्यावानी काय बघायलाव?"

दादासाहेब पोत्यात हात घालत होते आणि सोयाबीन फेकत होते. मुठीनं. कोंबड्यांना टाकतात तसं. एक मूठ माझ्या तोंडावर आली. दाणे गालावर आपटले, एक डोळ्यात गेला. मांडवातले पाहुणे खुदकन हसले. एकजण फोन धरून उभा होता, तो म्हणाला, "दादा, हे झ्याक आलं. आनखी एकदा फेका."

मी वाकलेलीच होते. माझ्या पदरात ते दाणे होते. हे लपवत नाही.

आता सरवा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर शहरातल्या माणसाला वाटायचं ही बाई कुठल्या देवाचा प्रसाद सांगतेय. काढणी झाली, माल घरी गेला, की रानात मागं राहतं तो सरवा. तुटलेली शेंग, विळ्यातून निसटलेलं झाड, उकललेला, मातीत सांडलेला दाणा. ज्या बायांनी काढणी केली त्यांनी मागनं जाऊन तो वेचायचा. येडशी-वाशीकडच्या आमच्या भागात ही जुनी रीत. माझा नवरा वारला तेव्हापासून आमचं वर्षाचं तेल-मिरची त्या सरव्यावर.

आणि दादासाहेबांचं रान केवढं? कावळा एका धुऱ्यावरून उडाला तर दुसऱ्या धुऱ्यावर म्हातारा होऊन उतरतो. मी जरा वाढवून सांगते, मान्य. पण जरासंच.

यंदा त्यांच्या वडिलांची पुण्यतिथी काढणी सरता सरता आली. त्यांनी गावात सांगितलं, वडिलांच्या नावानं गोरगरिबांना सरवा खुला. अहो, तो बंद कधी होता? पण आम्ही गेलो. बघतो तर रान आधीच झाडून घेतलेलं. गड्यांकडून शेंग न् शेंग उचललेली. मुंगी त्या रानात शिरली असती तर डोक्याला हात लावून परत गेली असती. वेचायला काही नाही, आणि पाहुणे तर बसलेले, फोन तयार. मग दादासाहेबांनी घरातनं पोतं आणवलं. मळलेलं, चाळलेलं, स्वच्छ सोयाबीन. ते फेकायचं आणि आम्ही सरवा वेचतोय असं दिसायचं.

माझ्या शेजारी माझी सासू. मी तिला आत्या म्हणते. तिला दिसत नाही नीट. तिची बोटं जमिनीच्या भेगेत चाचपडत होती, जुन्या सवयीनं, शेंग शोधत. दादासाहेब आले. तिची हनुवटी धरली. ढोराचं तोंड फिरवतात तशी फोनकडं फिरवली.

"म्हातारे, हिकडं बघ. फोनात दिसंना झालीस."

आत्या हसली. दात नसलेलं, घाबरलेलं हसू. फोटोसाठी.

मी उभी राहिले. पदर सोडला. दाणे खाली सांडले.

"काय गं, काय झालं?"

"ह्यो सरवा न्हाय दादासाहेब. तुमच्या पोत्यातला माल हाय. ठिवा तुमच्यापाशी."

"माजलीस व्हय? परत ह्या रानात पाय ठिवून दाखव."

"आत्या, उठा."

वाटभर आत्यानं मला शिव्या दिल्या. "यडे, तेल कुठनं आणायचं आता? तुझ्या बापाच्या घाण्यातनं?" मी तिचा हात धरून चालत राहिले.

आमची वस्तीतली चार-दोन घरं सासऱ्याच्या काळात येशूच्या वाटेनं गेली. रविवारी येडशीहून पाळकबाबा येतात. त्यांची फटफटी अशी की प्रभू यायच्या आधी तिचा आवाज येतो, आणि गावातली कुत्री प्रार्थनेला उभी राहतात. त्या दिवशी तेही मांडवात होते, खुर्चीवर. हातात लाडू. सगळं बघितलं होतं. आमच्या प्रार्थनेच्या पत्र्याच्या शेडला दादासाहेब नवे पत्रे देणार होते.

रविवारी बाबांनी इस्राएल लोकांचा जुना नियम सांगायला घेतला. खाली बघत. शेत कापताना कोपरे कापायचे नाहीत. पडलेलं उचलायला दुसऱ्यांदा फिरायचं नाही. पेंढी विसरली तर माघारी जायचं नाही. ते विधवेचं, अनाथाचं, परक्याचं.

मी म्हणलं, "बाबा, हे इस्राएल कुठल्या तालुक्यात येतं? आमी तिथंच जातो ऱ्हायला."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

"हसू नको बाई. त्यात एक लई बारीक गोष्ट हाय. मालकानं द्यायचं असं तिथं न्हाय. सोडायचं असं हाय." मग बायबल मिटून म्हणाले, "मी त्या दिवशी लाडू खाल्ला. मला उठायला पायजे व्हतं."

सोडायचं. म्हणजे हात पुढं करणारा नाही, हात वर धरणारा नाही. कुणाचं तोंड कुणाकडं फिरवायचं नाही. धन्यानं वाटेला लागायचं, गरिबानं रानात यायचं, मधे उपकार नाही. दया आहे, पण तिला कायद्याची वेसण आहे.

"पर हे पाळायचं कशापायी?" मी विचारलं.

"तिथं कारण सांगितलंय. तुमी मिसर देशात गुलाम व्हता, ते आठवा."

तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी आहे. चुलीपाशी बसवत नाही, रानात करमत नाही. त्या लोकांचं ठीक होतं. गुलाम होते, सुटले, रानाचे धनी झाले, आणि त्यांना सांगितलं की आठवा. इथं जो गुलाम होता तो अजून पदर पसरून वाकलेला. आणि जो धनी, त्यानं काय आठवायचं? त्याच्या पाठीला कधी ओझंच नाही. त्याच्या मनावर हा नियम सोडला तर आत्याची हनुवटी दरवर्षी फिरणार.

चालता चालता डोक्यात आलं. रान धन्याचं, पण कापतं कोण?

ओढ्याच्या पल्याड त्यांची तूर आता कापणीला आली होती. दादासाहेब कापणीचं गुत्तं, म्हणजे ठोक मजुरीचं काम, द्यायला स्वतः वस्तीत आले. आम्ही बाया लिंबाखाली बसलेल्या.

"काय गं, घेताव का न्हाय गुत्तं?"

मी म्हणलं, "घेतो की. पण कोपरे आमी कापणार न्हाय. तुमीबी कापायचे न्हाईत. माल घरी गेला की ज्याला लागंल तो येईल. फोन बांधाच्या बाहीर."

"मेहरबानी मागायलीस?"

"मेहरबानी न्हाय. गुत्त्याची अट."

त्यांनी बाकीच्या बायांकडं बघितलं. एकीचीही मान खाली गेली नाही. मला वाटलं होतं जाईल.

"तुमच्याबिगर तूर उभी वाळंल व्हय? कर्नाटकातनं टोळी आणतो. बसा अटी चघळत."

गेले. आता आमच्याकडं गुत्तं नाही, सरवा नाही, शेडला पत्रेही नाहीत. घरातलं तेल बाटलीच्या तळाला गेलंय. आणि टोळी उद्या उतरणार.

वस्तीतल्या दोघी म्हणतात, टोळीच्या बायांना हाकलून लावू. मी म्हणते, नाही. त्या परक्या आहेत, आणि त्या नियमात परक्याचं नाव विधवेच्या शेजारीच घेतलंय. आत्याचं माहेर उमरग्याच्या पलीकडचं, कानडी तिला येतं. अजून मला शिव्या देते, पण बांधावर येते म्हणाली. ती त्यांना त्यांच्या बोलीत सांगेल की कोपरे ठेवा, ते तुमचेही आहेत.

ऐकलं तर ऐकलं. नाही ऐकलं, तर मी पहिल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहणार, तुरीच्या आणि विळ्याच्या मधे. दादासाहेबांनी खुशाल फोन आणावा.