स्तामातिसनं गाणं सोडलं, पत्ते नाही

आमचा स्तामातिस गेला. झोपेत गेला, त्रास काही झाला नाही असं डॉक्टर म्हणाला. त्याची बहीण एवांथिया म्हणते, त्रास व्हायचा तो आधीच होऊन गेला होता.

स्तामातिस गायक होता. म्हणजे चर्चमधला, उजव्या हाताच्या मेजापाशी उभा राहून रविवारची सगळी प्रार्थना जो ओढून नेतो तो. आधी तिथं बाप उभा राहायचा. बाप थकला तेव्हा हा उभा राहिला, तेव्हा याला मिशीसुद्धा धड फुटली नव्हती. आवाज असा की खालच्या वाडीतल्या म्हाताऱ्या काठी टेकत चढण चढून यायच्या. लग्न केलं नाही त्यानं. एवांथिया विधवा झाली तसा तिच्या घरी वरच्या खोलीत राहायला आला. उपासाला इतका कडक की बुधवारच्या बिनतेलाच्या डाळीत चुकून तेल पडलं तर ती डाळ शेजारी जायची.

आणि पोटापाण्याचं? गावाला वाटायचं, खाली किनाऱ्यावरच्या हॉटेलात हिशेब लिहितो. दुपारी जेवून, इस्त्रीचा शर्ट घालून बसनं जायचा, माणूस कचेरीत जातो तसा. खरं काय ते एकट्या एवांथियाला माहीत. तो कॅसिनोत जायचा, एकवीसचा खेळ खेळायला. कुठले पत्ते निघून गेले, कुठले राहिले, सगळं डोक्यात ठेवायचा. चांगले उरले की जास्त पैसे लावायचा, नाहीतर थोडं. दारू नाही, गप्पा नाहीत. नशीब हा शब्द तर त्याच्या तोंडी कधी आलाच नाही.

एवांथिया विचारायची, "दादा, हे पाप नाही का रे?"

"देवाला कामाला जुंपणं हे पाप. मी तिथं त्याच्याकडे काही मागत नाही. क्रूसाची खूणसुद्धा करत नाही. कोळी जाळं टाकतो, मी पत्ते मोजतो."

"कोळी समुद्राकडून घेतो. तू कुणाकडून घेतोस?"

"कॅसिनोकडून."

"आणि कॅसिनो कुणाकडून घेतं?"

यावर तो शर्टाची बटणं लावायला घ्यायचा. रोज तेच.

आता आमच्याकडे वर्षाच्या शेवटच्या दिवशी सगळेच पत्ते खेळतात. शकुन असतो तो, येतं वर्ष चांगलं जावं म्हणून. सासवा खेळतात, सुना खेळतात, चर्चचे विश्वस्त पण खेळतात. दुपारपासून कॉफीच्या दुकानात टेबलं लागतात. एकटा स्तामातिस तेवढा भिंतीला टेकून कॉफी पीत बसायचा.

"अरे ये की देवमाणसा, पत्ता काय चावतो का?" दुकानवाला थानोस म्हणायचा.

"राहू दे. मला येत नाही."

"येत नाही म्हणे. माझ्या आजीला येतं, तिला तर दिसत पण नाही."

सगळे हसायचे, तोही हसायचा. शेजाऱ्यांशी खेळायचं म्हणजे पैलवानानं बालवाडीत कुस्ती लावायची, असं तो घरी म्हणायचा. पण हे गावात सांगणार कसं?

एका वर्षी पाद्री अनेस्तिस नवीन आले होते. मोकळा माणूस, पण सरळ. वर्षाच्या पहिल्या सकाळी प्रवचनात म्हणाले, "काल सगळं गाव पत्ते कुटत होतं. मी पण दोन डाव टाकले, खोटं कशाला बोलू. एकच माणूस हात न लावता बसला होता." आणि मेजाकडे बोट केलं. सगळ्यांच्या माना वळल्या. पुढची ओळ स्तामातिसनं उचलायची होती. त्यानं ती उचललीच नाही. शेवटी डावीकडच्या मेजापाशी उभ्या म्हाताऱ्या गायकानं उचलली.

लोक नव्या वर्षाचा केक घेऊन गेले. एवांथिया प्रसादाच्या भाकरीचे तुकडे फडक्यात बांधत होती, तिच्यासमोरच हा पाद्रीबाबांकडे गेला.

"पाद्रीबाबा, तुम्ही मला भलत्याच जागी चढवलंत. मी रोज खेळतो. तेच माझं काम आहे."

पाद्रीबाबा आधी हसले. मग त्याचं तोंड बघून खाली बसले.

"खेळताना प्रार्थना करतोस?"

"कधीच नाही. ती तर थट्टा होईल."

"म्हणजे रोज दुपारी देवाला बसस्टॉपवर उभा करतोस, आणि येताना परत घेतोस."

एवांथियाच्या हातातली गाठ काही बसेना.

"मी तुझी जागा काढून घेत नाही," पाद्रीबाबा म्हणाले. "तुझं तू बघ. पण बघ."

ईस्टरच्या आधीचा मोठा उपास चालू होता तेव्हाची गोष्ट. चर्चची भाकरी भाजणारी दियामांतो काकू बहिणीच्या नादानं खाली कॅसिनोत गेली आणि टेबलापाशी तिला हा दिसला. लाजेल, पळेल, तर नाही. तिचा चेहराच उजळला.

"अगं बाई, स्तामातिस? तू इथं? मग तर काही हरकतच नाही बसायला." आणि आपल्या पैशांच्या चकत्या याच्या चकत्यांमागे ठेवून दिल्या. क्रूसाची खूण केली, ती पण चारचौघांत. यानं डाव जिंकला. तिनं याचा खांदा धरून मुका घेतला.

"चला काकू, घरी चला."

"आत्ता कुठं? देव तुझ्या हातावर बसलाय."

"देव नाही हो. हिशेब आहे हा."

"हिशेब तर हिशेब. तो पण त्याचाच."

स्तामातिस तसाच उठला. घरी येऊन जेवला नाही. एवांथियाला म्हणाला, "रविवारपासून मी मेजापाशी नाही."

"अरे मग पत्ते सोड ना. गाणं कशाला सोडतोस?"

"पत्ते सोडले तर खाऊ काय? बावन्न वर्षांचा झालो, दुसरं काही येतं का मला? गाणं सोडलं तरी पोट भरतंय."

"आणि जीव?"

"मी गातो म्हणून तिला तिथलं सगळं पवित्र वाटलं, एवे. गाणाऱ्याकडे लोक बघतात. दारात उभ्या राहिलेल्याकडे कुणी बघत नाही."

तेव्हापासून तो मागं, मेणबत्त्यांच्या पेटीजवळ दाराशी उभा राहायचा. दियामांतो काकू पुढच्या आठवड्यात परत खाली गेलीच. एवांथिया चिडली. "बघ, काय उपयोग झाला? ती जाते आणि आमचं चर्च मुकं." तो म्हणाला, "जाऊ दे. माझ्या भरवशावर जात नाही ना." गावानं कारण विचारलं, तर थोडी वर्षं घसा सांगितला. मग लोकांनी विचारणं सोडलं.

काल त्याला पुरून आल्यावर सगळे कॉफी आणि ब्रँडी घेऊन बसले तेव्हा एवांथिया पाद्रीबाबांच्या शेजारी गेली.

"पाद्रीबाबा, त्यानं चुकीची गोष्ट सोडली ना?"

"हो," पाद्रीबाबा म्हणाले. "मला तसंच वाटतं."

"मग तुम्ही बोललात का नाही?"

"दारात उभा राहून तो सगळं गायचा. ओठ हलायचे, आवाज नाही. मी वेदीपाशी वळलो की मला दिसायचं. दर रविवारी वाटायचं, आज हा पत्ते टाकून पुढं येईल. मग वाटायचं, आपण बोललो आणि हा चर्चलाच यायचा थांबला तर?" त्यांनी पेला खाली ठेवला. "मी वाट बघत राहिलो. त्याला वाटलं असेल, मला चालतंय."

एवांथियाला रडू आलं नाही. ती म्हणाली, "त्याचं त्यालाच चालत नव्हतं. मला रोज दिसायचं." आणि मग उठून पाव वाढायला गेली, कारण खालच्या वाडीतल्या म्हाताऱ्या अजून उपाशीच बसल्या होत्या.