ब्रेकबाईंचा तळ्याकाठचा मुक्काम

शहरात गाडी चालवणारी निम्मी माणसं ब्रेकबाईंच्या हाताखालून गेली होती. शिकवायच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटखाली आणखी एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर सगळा जन्म पाय ठेवून बसलेली बाई, म्हणून हे नाव पडलं. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. तेही एकेकाळचे त्यांचेच विद्यार्थी. गाडी त्यांना काही केल्या आली नाही, लग्न मात्र जमलं. "परीक्षेत नापास झालो आणि बाईंनाच घरी घेऊन आलो," असं ते गिऱ्हाइकांना रंगवून सांगत.

साथ आली तेव्हा दोघांचंही काम एकदमच थांबलं. बंद गाडीत परक्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसायची सोयच उरली नाही, म्हणून ड्रायव्हिंग स्कूलला कुलूप लागलं. घड्याळवाल्यांची छाती आधीच नाजूक, त्यामुळे दुकानही बंद. त्यांनी घरातली सगळी घड्याळं उघडून साफ केली आणि मग शेजाऱ्यांची मागवली. ब्रेकबाई खिडकीशी उभ्या राहून रिकामा रस्ता बघत. एखादी गाडी वळणावर जोरात आलीच, तर त्यांचा उजवा पाय आपोआप फरशी दाबायचा.

निर्बंध जरा सैल झाले, तसा दिरांचा फोन आला. "वहिनी, आमचं चाकांवरचं घर, तो ट्रेलर, ताडपत्रीखाली पडून आहे. आम्ही काही यंदा निघत नाही. तुमच्या गाडीला मागे ओढायचा आकडा आहेच, घेऊन जा. झोपायला गादी आहे, चूल आहे, मोरी-संडास आहे. कुणाच्या वाऱ्यालाही उभं राहायला नको."

घड्याळवाले हबकलेच. "अगं, लोक घराबाहेर पाऊल टाकत नाहीत आणि तू मुक्कामाला निघालीस?"

"आपणही पाऊल टाकायचं नाही," ब्रेकबाई म्हणाल्या. "घरच बाहेर काढायचं."

डाळ-तांदूळ भरले, औषधं भरली, घड्याळवाल्यांची स्क्रू-ड्रायव्हरची डबी भरली, आणि तळ्याकाठच्या मुक्कामाच्या जागेकडे निघाले. पुढे जाण्यात काहीच अवघड नव्हतं. ट्रेलर गुणी वासरासारखा मागून येत होता. ब्रेकबाईंना वाटलं, यात एवढं ते काय?

ते काय, ते तळ्याकाठी कळलं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाट झाडी, मधून अरुंद रस्ता. झाडीत एकेका ट्रेलरपुरत्या मोकळ्या जागा केलेल्या. आपल्या जागेत मागे मागे जाऊन ट्रेलर लावायचा. ब्रेकबाईंनी स्टिअरिंग उजवीकडे वळवलं, तर ट्रेलर डावीकडे. डावीकडे वळवलं, तर उजवीकडे, आणि वर गाडीशी काटकोन करून उभा. आपापल्या ट्रेलरपुढे खुर्च्या टाकून बसलेल्या माणसांना कित्येक दिवसांत एवढी करमणूक मिळाली नव्हती. मास्कवरचे सगळे डोळे हसत होते. पन्नास-पन्नास वर्षांच्या माणसांना रिव्हर्स शिकवणाऱ्या बाईंच्या कानशिलांवर घाम आला. शेवटी आकडा सोडला आणि नवरा-बायकोनं ट्रेलर हातानं ढकलत जागेवर नेला.

"जाऊ दे," घड्याळवाले धापा टाकत म्हणाले. "निघताना पुढेच तर जायचंय."

पण ब्रेकबाईंना ते जाऊ देववेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ट्रेलर घेऊन पलीकडच्या माळावर गेल्या. घड्याळवाले दोन बादल्या ठेवून त्यांच्यामध्ये उभे राहिले. बादल्या किती वेळा चेपल्या याला हिशेब नाही. चिडून-चिडून त्या शेवटी हसायला लागल्या, आणि हसता-हसता हात स्टिअरिंगवरून सुटून खाली घसरला. खालच्या बाजूनं धरून त्यांनी हात उजवीकडे नेला. ट्रेलर उजवीकडे गेला. पुन्हा डावीकडे नेला. ट्रेलर डावीकडे. त्या थांबल्या, खाली उतरल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मी इतकी वर्षं लोकांना कशी शिकवत होते, ते आज मला कळलं. स्वतःला एखादी गोष्ट न येणं म्हणजे काय, हेच विसरून गेले होते."

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांच्या देखत एका दमात ट्रेलर जागेत घातला. या वेळी टाळ्या पडल्या.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी, भर दुपारी, रस्त्याच्या अगदी टोकाला राहणाऱ्या आजोबांना दम लागला. गोरेपान, धिप्पाड माणूस, पण ओठ निळे पडले. आजींनी फोन केला आणि रुग्णवाहिका निघाली. ती तळ्याशी पोचली, तेव्हा रस्त्यावर एक नवा आलेला ट्रेलर आडवा अडकला होता. जागेत घालायला गेला आणि दुमडून बसला. चालवणारा तरुण बाप, मागच्या सीटवर रडणारी मुलं, पाठीमागे भोंगा. पुढे जावं तर रस्ता टोकाला संपत होता. तिथं तो रुग्णवाहिकेच्याच वाटेत उभा राहिला असता. दोन कर्मचारी सिलिंडर घेऊन पळत पुढे गेले, पण तेवढ्या लांबून त्या देहाच्या माणसाला उचलून आणणं सोपं नव्हतं.

"तुम्हीच चालवा हो, मला नाही जमत," तो बाप ब्रेकबाईंना बघून म्हणाला.

गाडीत शिरावं असं त्यांनाही क्षणभर वाटलं. मग घड्याळवाल्यांची छाती आठवली. त्या चार हात लांब, त्याला आरशात दिसतील अशा उभ्या राहिल्या आणि त्यांचा शिकवायचा आवाज लागला. वरच्या पट्टीतला, पण घाई नसलेला.

"भोंगा ऐकायचा नाही, मला ऐकायचं. आधी पुढे घ्या. आणखी. सरळ झाला ना? थांबा. आता हात खाली, स्टिअरिंगच्या तळाशी. ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात न्या. सावकाश. चुकतंय असं वाटलं तर थांबायचं, वळवायचं नाही."

तो थांबला, श्वास घेतला, हात खाली नेला. ट्रेलर वळला. चाक रस्त्याकडेच्या खड्ड्याच्या काठावरून गेलं आणि आत आलं. "तसंच. तसंच येऊ द्या. झालं." रस्ता मोकळा झाला. रुग्णवाहिका आत गेली आणि आजोबांना घेऊन बाहेर पडली, तेव्हा तो बाप स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होता. मुलं गप्प झाली होती.

आजोबा वाचले, पण इस्पितळात बरेच दिवस राहावं लागणार होतं. आजी स्वतः ठणठणीत होत्या, तरी वेगळं राहायचे दिवस त्यांनी आपल्या ट्रेलरमध्येच काढले. घड्याळवाले लांबून त्यांच्या पायरीवर जेवणाचा डबा ठेवून यायचे. ते दिवस संपले, तशा आजी ब्रेकबाईंपाशी आल्या. लायसन त्यांच्याकडे होतं, दर खेपेला नव्यानं करून घेतलेलं. गाडी मात्र लग्नानंतर कधी हातात आली नव्हती. "हे म्हणायचे, तुला नाही जमायचं. आणि मी मान डोलवायची."

"आता मान डोलवायची नाही, वळवून आरशात बघायची," ब्रेकबाई म्हणाल्या.

माळावर शाळा भरली. आजी गाडीत, ब्रेकबाई बाहेर, आणि बादल्यांमध्ये उभं राहायला घड्याळवाल्यांनी साफ नकार दिला. तो तरुण बापही ट्रेलर घेऊन यायचा, मग आणखी दोघं-तिघं. उन्हात टोपी घालून, मास्क लावून ब्रेकबाई दिवसभर हातवारे करत. त्यांचा रंग रापला आणि भूक वाढली.

आजोबांना घरी सोडायचं ठरलं, त्या दिवशी आजी शहरापर्यंत गाडी घेऊन गेल्या. ब्रेकबाई आणि घड्याळवाले आपल्या गाडीतून मागे. घाटात आजींनी एकदाही गडबड केली नाही. मोठ्या चौकात मागच्यानं हॉर्न वाजवला, तर त्यांनी हात बाहेर काढून त्यालाच थांबायची खूण केली.

आजोबा इस्पितळाच्या दारातून काठी टेकत आले. बारीक झाले होते. सवयीनं सरळ चालवणाऱ्याच्या दाराशी गेले आणि हात पुढे केला. आत आजी बसलेल्या.

काच थोडी खाली झाली. "पलीकडून बसा," आजी म्हणाल्या. "आणि पट्टा लावा."

 आजोबांची नजर मागे उभ्या असलेल्या गाडीकडे गेली. ब्रेकबाईंनी हात केला. आजोबा काठी टेकत, सगळ्या गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, बसले आणि त्यांनी पट्टा लावला.