न्हाणीतले दहा प्रश्न

हंसाबाईला लिहिता येत नाही आणि मी दुसरी पास, म्हणून तिच्याबद्दल मलाच लिहावं लागतंय. फुलसावंगीत तीस वर्षं बाळंतिणींची मालीश तिच्याच हातची. तांड्यावरून सकाळी येते, बाळंतिणीला न्हाणीत घेते आणि पडदा ओढते. सव्वा महिना त्या पडद्याआड सासूलाही जाता येत नाही. सासूवर एवढा अन्याय दुसऱ्या कोणी केला नसेल.

कापसाच्या त्या वाईट सालांत गावात गाड्या फार यायच्या. एक कापूस मोजून जाई, दुसरी पाऊस, तिसरी माणसांचं दुःख. चहा सगळ्यांना आमचाच.

माझ्या धम्मरत्नची बायको रुपाली बाळंत झाली आणि विसाव्या दिवशी आमच्या दारात चौथी गाडी थांबली. यवतमाळच्या रजनी मॅडम उतरल्या, बाळंतिणीची काळजी मोजायला. दहा प्रश्न, एकेकाला शून्य ते तीन मार्क. जास्त मार्क म्हणजे जास्त काळजी. हेच प्रश्न तिकडे अरबी बोलणाऱ्या आयांनाही विचारतात म्हणे.

"मंग त्यांच्या सासवांनी काय सांगितलं?" मी विचारलं.

मॅडम हसल्या. मला वाटलं, प्रश्न आवडला.

रुपाली खाटेवर, मी शेजारी. "आपल्याला विनाकारण भीती वाटते का?"

"भीती कायची? भरलं घर हाय," मी म्हटलं.

"झोप लागते का?"

"अंग टाकलं का झोपते."

रुपाली नुसती बाळाकडे बघत होती. दहाच्या दहा शून्य! सुनेनं तोंड न उघडता पेपर सोडवला, म्हणून मी खूश.

हंसाबाई तेलाची वाटी घेऊन उभी होती. म्हणाली, "मॅडमबाई, परीक्षा सासूची झाली. पोरीची उद्या घ्या. न्हाणीत."

"काहून व? मी खोटं बोलून राह्यली का?"

"खोटं नाई, कांताबाई. तुमाले ठाऊकच नाई."

दुसऱ्या दिवशी पडद्याआड हंसाबाई आणि रुपाली, पडद्याबाहेर पाटावर मॅडम. मी चुलीपाशी, कामात. मॅडमनी वाचलं, "भविष्याविषयी अनामिक हुरहूर वाटते का?"

आतून हंसाबाईनं ते माणसांच्या भाषेत केलं. "पोरी, काई वाईट होईन असं सारखं वाटते का व?"

पाणी ओतल्याचा आवाज झाला. मग रुपाली बोलली, "बाळाच्या नाकाशी कापूस धरून बसते मावशी. हालला तं श्वास चालू. हात खाली केला का वाटते, थांबला. कधी वाटते, याले ठेवून कुठं निघून जावं. मंग मले माहीच भीती वाटते."

गादीतला कापूस कमी होत होता खरा. मी पंधरा दिवस उंदरांना शिव्या देत होते.

सत्तावीस मार्क झाले. मॅडम म्हणाल्या, आजच यवतमाळला डॉक्टरांना दाखवायला हवं.

"सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतीण उंबरा ओलांडत नाई," मी म्हटलं.

हंसाबाईनं पडदा सारला. "झाला सव्वा महिना."

"अवो, आज एकविसावा दिवस हाय!"

"गावात कोणाचा सव्वा महिना कधी झाला, थे कोण सांगते? मीच न? मंग मी सांगून राह्यली. हे शेवटचं न्हाणं."

सरपंचाचं कोणी ऐकत नाही, पण हिचा शब्द गावात कोणी मोडलेला नाही. रुपालीनं ओल्या केसांनीच उंबरा ओलांडला.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोप लागते का?" माझं तोंड उघडलंच होतं. हंसाबाईनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि दंडाला धरून मला बाहेरच्या बाकड्यावर आणून बसवलं.

आत रुपाली पाऊण तास बोलली. लग्न होऊन आल्यापासून दोन वर्षांत आमच्या घरी एवढी बोलली नव्हती. आणि आमच्या घरात तर सुनांना बोलायची पूर्ण मोकळीक आहे. मीच सगळ्यांना तसं सांगत आले.