चौथी हाक

कोर्टाच्या तिसऱ्या खोलीच्या दाराशी उभा राहून नावं पुकारणाऱ्या शिपायाला सगळे 'भोंगा' म्हणत. नियमाप्रमाणे दारातून तीन हाका मारल्या की काम झालं. पण माणूस म्हातारा असला, की भोंगा जिन्याच्या तोंडाशी जाऊन चौथी हाक मारायचा. वकील वैतागायचे, "अरे, पक्षकाराला बोलावतोयस की अख्ख्या गल्लीला उठवतोयस?" भोंगा हसून वेळ मारून न्यायचा. खरं कारण घरातलं होतं. त्याच्या बाबांना कमी ऐकू यायचं. राहत्या खोलीच्या दाव्यात ते याच कोर्टाच्या जिन्याखालच्या बाकावर सकाळपासून ताटकळत बसले, वर त्यांचं नाव तीनदा पुकारलं गेलं आणि गैरहजर म्हणून ते दावा हरले. संसार रस्त्यावर आला. भोंग्याच्या ताईची शाळा तेव्हा सुटली ती कायमचीच. ती शिलाई शिकली आणि धाकट्या भावाला तिनंच लहानाचं मोठं केलं.

आता दैवाची चेष्टा बघा. ताई भाड्याच्या गाळ्यात शिवणकाम करायची; त्याच ताईवर गाळ्याच्या मालकानं दावा ठोकला. आपल्या नवरा गेलेल्या मुलीला तिथं दुकान थाटून द्यायचंय, गाळा रिकामा करा, असं त्याचं म्हणणं. आणि दावा आला नेमका तिसऱ्या खोलीत.

तिथल्या न्यायाधीश बाई नव्या होत्या. लहानपणी त्यांच्या कुटुंबालाही भाड्याच्या घरातून बाहेर काढलं होतं, ही बातमी कँटीनमधून ताईपर्यंत पोचली आणि तिच्या जिवात जीव आला.

"ज्याचं जळतं त्याला कळतं," ती भावाला जेवायला वाढता वाढता म्हणाली. "बाई मला हरू द्यायच्या नाहीत."

"आणि तिथं एखाद्या घरमालकाचा मुलगा न्यायाधीश असता तर?"

"त्यानं मालकाची बाजू घेतली असती. अन्याय झाला असता."

"मग बाईंनी तुझी घेतली तर?"

"तो न्याय. गप जेव."

भोंग्याला ताईचं पटतही होतं आणि पटतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाईंना सांगून टाकलं, "मॅडम, हा माझ्या बहिणीचा दावा आहे. त्या दिवशी मला दुसऱ्या खोलीत पाठवा."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "निकाल तुम्ही थोडाच देणार आहात? नाव तर पुकारायचं. त्यात कसली आलीय बाजू?"

सुनावणीच्या सकाळी भोंगा वर येत होता, तेव्हा मालक जिन्याखालच्या त्याच बाकावर बसलेला त्याला दिसला. म्हातारा कवडीचुंबक. वकिलाचे पैसे वाचवायचे म्हणून स्वतःच दावा लढत होता आणि कानाचं यंत्र घेणंही त्याच्या जिवावर आलं होतं. शेजारचा माणूस कानाशी येऊन बोलत होता, तरी हा "काय? काय?" करत होता.

पुकाऱ्याची वेळ झाली. भोंग्यानं दारातून मालकाच्या नावानं पहिली हाक मारली. दुसरी मारली. तिसरी मारली. जिन्यावर कुणाची चाहूल नाही. मालक आला नाही तर दावा निकालात निघणार होता आणि ताईचा गाळा वाचणार होता. ताई पहिल्या रांगेतून मान वळवून त्याच्याकडे बघत होती. नियम पाळून झाला होता, कुणी त्याला बोल लावला नसता. भोंग्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. जिन्यापर्यंत जावं तर बाबांचा मुलगा म्हणून जाणार, थांबावं तर ताईचा भाऊ म्हणून थांबणार. नुसता शिपाई म्हणून काय करायचं असतं ते त्याला काही केल्या आठवेना. तो जिन्याकडे गेला आणि नेहमीपेक्षाही मोठ्यानं ओरडला.

म्हातारा कठड्याला धरून धापा टाकत वर आला.

महिन्याभरानं बाईंनी निकाल वाचला. शेवटी कागद बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "माझ्याही वडिलांना घर सोडावं लागलं होतं. म्हणून हा निकाल मी पुन्हा पुन्हा तपासला. पण मालकाची गरज खरी आहे." ताईला गाळा सोडायला मुदत मिळाली.

भोंग्याला बाईंचा राग आला. मग वाटलं, त्यांनी स्वतःच्या वडिलांना बाजूला ठेवलं, आपल्याला ते जमलं नाही. मग राग स्वतःचा आला. पण त्या दिवशी बाबा आठवले नसते, तर तो म्हातारा खाली बसूनच हरला असता. तेही बरोबर झालं नसतं. कुठूनही सुरुवात केली तरी गाडी तिथंच येऊन अडत होती.

ताई जिन्याखालच्या बाकावर बसली होती. तो शेजारी टेकला.

"ती हाक बाबांसाठी मारलीस ना?" तिनं विचारलं.

"बहुतेक."

"मीही बाबांचीच मुलगी आहे रे."

भोंगा बाकाच्या फळीवरून अंगठा फिरवत राहिला. ताईनं त्याच्या खांद्याला हात लावला.

"ऊठ," ती म्हणाली. "वरून तुला बोलावतायत. तिसऱ्यांदा."