जमलं का?

मंदाकिनीबाईंच्या मराठीला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. जन्म बडोद्यातला, नोकरीही इथलीच. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर मालकाला बाहेर बोलावून झापणाऱ्या बाई! पण बडोद्याच्या मराठीत गुजराती कधी शिरते, ते बोलणाऱ्याला थोडंच कळतं?

वासणा भागातल्या घराची वरची खोली त्यांनी कौमुदीला दिली होती. पोरगी उदगीरची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आलेली. सकाळी मान खाली घालून जायची, संध्याकाळी तशीच परत यायची. बाई रोज जिन्यापाशी विचारायच्या, "काय गं, जमलं का?"

"हो काकू, जमलं."

बाई खूश. पोर मेसमध्ये पोटभर जेवते, आणखी काय हवं?

दीड महिन्यानं, एका शुक्रवारी, तोच प्रश्न ऐकून कौमुदी पायरीवर मटकन बसली आणि रडायलाच लागली. "नाही हो काकू, नाही जमत मला. बाबांना सांगितलंय, रविवारी न्यायला या. कॉलेज सोडतेय मी."

"अगं बाई! एवढ्यासाठी कॉलेज सोडतात? चल, आत्ता पोळ्या टाकते!"

कौमुदी बघतच राहिली. "पोळ्या? म्हणजे तुम्ही रोज जेवणाचं विचारत होता?"

बाईंनी जीभ चावली. जमणं म्हणजे जेवणं, हे गुजरातीत! उदगीरच्या पोरीला वाटत होतं, इथं सूर जुळला का, असं कुणीतरी मायेनं विचारतंय. त्या मायेपोटीच ती बिचारी खोटं हो म्हणत होती. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग गरम पोळीबरोबर सगळं बाहेर आलं. वर्ग गुजरातीत हसतो, हिला विनोद कळेपर्यंत विषय बदललेला असतो. मेसमध्ये एकटं बसायची लाज वाटते, म्हणून बिस्किटांवर भागवते.

"तुझ्यासारखी आणखी एक तरी असेल वर्गात," बाई म्हणाल्या.

"ती कशी ओळखायची?"

"मास्तरणीला विचारतेस? कोपऱ्यात बसून, कुणी बघायच्या आत डबा संपवते ना, ती! जा तिच्याकडे, आणि विचार, 'जमी लीधुं?' बघ काय म्हणते."

कौमुदी कसनुसं हसली. शनिवारी रात्री तिनं बॅग भरली, तेव्हा बाईंनी आशाच सोडली.

रविवारी कौमुदी सकाळीच कुठंतरी निघून गेली. तिचे वडील प्रतापराव आले, चहा झाला, तरी तिचा पत्ता नाही. बाईंचा जीव टांगणीला. बाराला फाटक वाजलं. कौमुदीच्या मागून एक मुलगी अवघडून आत आली.

"बाबा, ही सानवी. माझ्याच वर्गातली, सुरतची. काल पहिल्यांदा बोललो आम्ही. होस्टेलवर एकटीच जेवते, म्हणून घेऊन आले." मग वडिलांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, "मी येत नाही बाबा. परीक्षा झाल्यावर येईन."

प्रतापरावांनी बाईंना हात जोडले. "बाई, तुमचे उपकार झाले."

"माझे कसले डोंबलाचे उपकार! मी नुसती चुकले," बाई म्हणाल्या. पस्तीस वर्षांत पहिल्या आलेल्या मुली त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या, पण ऊर असा कधी भरून आला नव्हता. "जे केलं ते हिनं केलं. स्वतःला कुणी नव्हतं, तरी दुसरीला हाताला धरून आणलं. पाहताय काय प्रतापराव, तुमची लेक आहे ती!"