आमच्या कुत्रीचं पथ्य

वलगावला पेढी नदीच्या काठी आमचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, गाजरं, रताळी आणि बांधावर कोहळ्याचे वेल. घरात आम्ही तिघं, थोरला भाऊ, वहिनी आणि मी. मी तेव्हा विशीत होतो, लग्न व्हायचं होतं. वहिनी या घरात आली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि आई जाऊन वर्ष झालं होतं, त्यामुळे मला वहिनीनंच वाढवलं. तिला स्वतःला मूलबाळ झालं नाही.

चौथी आमची कुत्री. बदामी रंगाची, मध्यम चणीची. एक कान डुकराशी झोंबताना फाटलेला. तिला कुणी नाव ठेवलं नव्हतं. वहिनी "ये वं" म्हणायची आणि ती यायची, एवढ्यावर तिचं भागत होतं. नदीकाठच्या झाडोऱ्यातून रानडुकरं यायची आणि एका फेरीत रताळ्यांचा अख्खा वाफा उकरून टाकायची. ती कुत्री असल्यापासून आमचा एकही वाफा गेला नव्हता.

त्या वर्षांत कापसाला असा भाव आला की शहाणीसुरती माणसंही हसायला लागली. कुठल्याशा दूर मुलखात लढाई पेटली आहे, तिकडचा कापूस विलायतेला जात नाही, म्हणून आपला हवा, एवढंच आमच्या कानांवर होतं. ज्वारीची वावरं बघता बघता कापसाखाली गेली. आमच्या मळ्यात आम्ही भाजीच ठेवली, पण भाकरीची ज्वारी विकत घ्यावी लागायची आणि ती महाग झाली. भाऊ गाडी-बैल घेऊन वाहतुकीला लागला. अमरावतीला कापसाचे गठ्ठे भरायचे आणि अकोल्याकडे न्यायचे. आगगाडी अजून आमच्या मुलखात पोचायची होती, सगळा माल बैलांच्या मानेवरच जायचा. भाऊ महिना-दीड महिना घरी येत नसे. मोटेची बैलजोडी तेवढी घरी होती.

वहिनीनं काटकसर सुरू केली ती स्वतःपासून. दोन भाकरींची दीड झाली. मग कुत्रीची अर्धी पाव झाली. कुत्री भाकरीचा तुकडा गिळून तिच्याकडे बघत उभी राहायची, ते वहिनीला बघवत नसे. त्याच दिवसांत गावात जिकडेतिकडे कापूस वठला जात होता, म्हणजे त्यातलं बी काढलं जात होतं, आणि त्या बियांचे, सरकीचे ढीग पडले होते. बैलांना आम्ही सरकी भिजवून देतच होतो, आणि त्यांच्या अंगावर कशी तुकतुकी आली होती. वहिनीच्या मनात आलं, जे बैलाला मानवतं ते कुत्रीला का मानवू नये? तिनं सरकी उकडली, पाट्यावर ठेचली आणि ताकात कालवून कुत्रीपुढे ठेवली. कुत्रीनं भांडं चाटून साफ केलं. मलाही ती युक्ती पटली. मी तसं बोलूनही दाखवलं.

महिनाभर हे चाललं. आधी कुत्री नुसती सुस्त झाली. आम्हाला वाटलं, पोटभर मिळतं म्हणून लोळते. मग तिच्या फासळ्या दिसायला लागल्या, पण पोट मात्र फुगत गेलं. बांधापर्यंत चालत गेली की धाप लागून बसायची. एका सकाळी मी मळ्यात गेलो तर रताळ्यांचा एक वाफा उकरलेला होता, आणि कुत्री खोपीच्या दाराशी जागीच होती. ती भुंकलीसुद्धा नव्हती. मला रताळ्यांचं तेवढं वाईट वाटलं नाही. तिनं माझ्याकडे पाहून शेपूट हलवली आणि उठायचा प्रयत्न केला, तेव्हा मी उकरलेला वाफा तसाच सोडून तिच्यापाशी बसलो.

शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायांनी तिला पाहिलं. तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळ गळते आहे. दुपारपर्यंत गावभर झालं की माळ्याची कुत्री पिसाळली.

लोकांना दोष देता येत नाही. आदल्याच साली पिसाळलेलं कोल्हं गावात शिरलं होतं आणि ते चावल्यानं एक तरणाबांड माणूस पाण्याला भिऊन तडफडून गेला होता. संध्याकाळच्या आत पाटील कोतवालाला घेऊन मळ्यात आले. कोतवालाच्या हातात काठी होती. वहिनी कुत्रीच्या पुढे जाऊन उभी राहिली. पाटलांसमोर ती एरवी पदर सावरून आत निघून जायची, पण त्या दिवशी गेली नाही.

पाटील रागावले नाहीत. ते म्हणाले, "बाई, गावात लेकरंबाळं हायेत. मले माह्या गावाचं पाहा लागते."

वहिनी म्हणाली, "तिनं कोनाले चावलं असन तर सांगा. चावली नसन तर दिवस द्या."

पाटलांनी जरा वेळ कुत्रीकडे पाहिलं. मग त्यांनी ठरवून दिलं की कुत्रीला दहा दिवस खोपीत साखळीनं बांधून ठेवायचं, कुणी जवळ जायचं नाही. पिसाळली असेल तर दहा दिवस काढणार नाही. दहा दिवसांनी ती पायांवर उभी दिसली नाही तर कोतवाल येईल. मी हो म्हटलं. ते गेल्यावर वहिनीनं साखळी स्वतःच्या हातानं बांधली.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी भाजीची कावड घेऊन अमरावतीला गेलो. कापूस खरेदी करायला आलेला एक गोरा साहेब तिथं बंगला घेऊन राहत होता आणि त्याच्या खानसाम्याकडे माझा रोजचा रतीब होता. खानसामा एलिचपूरकडचा, पांढऱ्या दाढीचा, वजनाला काटेकोर, पण माणूस मोकळा. तो माझ्याकडून रोज वांगी-मेथी तर घ्यायचाच, पण गाजरं आणि कोहळं जरा जास्तीच घ्यायचा. एकट्या साहेबाला एवढं कोहळं लागतं कशाला, हे मी त्याला एकदा विचारलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, साहेबाला कुठं, साहेबाच्या कुत्र्यांना. मी ते घरी येऊन सांगितलं होतं आणि आम्ही तिघं पोट धरून हसलो होतो. कुत्रं गाजर खातं हे आमच्या सात पिढ्यांनी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी मी कावड उतरवली आणि माझ्या तोंडाकडे पाहूनच त्यानं विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं.

"पानी पेते काय?" त्यानं विचारलं.

"पेते. घटाघटा पेते."

"मंग पिसाळली नसन. खायाले काय देऊन राहिले तुमी तिले?"

मी म्हटलं, भाकरी थोडी आणि सरकी.

त्यानं हातातलं कोहळं खाली ठेवलं. "सरकी बैलाची हाये बेटा. कुत्र्यासाठी ते जहर हाये. आज घरी गेला की बंद कर."

मग त्यानं सांगितलं की साहेबाचा एक शिकारी कुत्रा कापूस वठायच्या वाड्यात सोडलेला असायचा. सरकीच्या ढिगात तोंड घालायची त्याला सवय लागली. त्याची अशीच धाप, असंच पोट. कुणाला काही कळेपर्यंत तो गेला. साहेबानं तेव्हापासून कुत्र्यांना वाड्यात जाऊच दिलं नाही. आमच्या कुत्रीला महिनाच झाला होता आणि ती अजून शेपूट हलवत होती, तेव्हा वाचेल असं त्याला वाटत होतं, पण शब्द द्यायला तो तयार नव्हता.

चुलीशी बसून त्यानं मला पथ्य समजावलं. कोहळं साल आणि बिया काढून उकडायचं, मीठ-तिखट काही घालायचं नाही. गाजर उकडून बारीक करून. रताळं उकडून, पण थोडं. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून त्यात पातळ ताक. मुगाचं वरण बिनफोडणीचं. काकडी चालते. उकडलेलं अंडं मिळालं तर फार बरं, अंगात ताकद लवकर भरते. आणि काय द्यायचं नाही तेही त्यानं बोटांवर मोजून सांगितलं. कांदा-लसूण नाही, मग तो भाजीच्या रश्शात असला तरी नाही. मनुका नाहीत, त्या खाऊन साहेबाची एक कुत्री मरता मरता वाचली होती. शिजवलेलं हाड नाही, ते फुटून आतड्यात रुततं. गूळ-साखर नाही. एकदम पोटभर देऊ नको, दिवसातून चारदा थोडं थोडं दे, असं म्हणून त्यानं चार अंडी भुशात घालून माझ्या टोपलीत ठेवली. त्या दिवशी त्यानं कोहळं घेतलं नाही. घरी घेऊन जा म्हणाला.

तीन कोस मी कसा चालत आलो ते आठवत नाही. पण वहिनीला सांगायचं कसं, याचाच विचार वाटभर डोक्यात होता. मी घुमवूनफिरवून सांगायला गेलो, पण तिनं अर्ध्यातच ओळखलं.

"म्हंजे म्याच घातलं तिच्या पोटात," ती म्हणाली.

मी म्हटलं, मीही बरं म्हटलंच होतं की. तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती सरकीचं भांडं घेऊन गेली आणि बैलांच्या गव्हाणीत रिकामं करून आली. भांडं राखेनं तीनदा घासलं. मग कोहळं चिरायला बसली.

अंड्यांचा प्रश्न होता. वहिनीच्या गळ्यात तुळशीची माळ होती, आमच्या चुलीवर अंडं कधी चढलं नव्हतं. मी म्हटलं, मी नदीवर नेऊन उकडतो. ती नको म्हणाली. तिनं खोपीमागे तीन दगड मांडले, एक काठ फुटलेलं गाडगं शोधलं आणि स्वतः अंडं उकडलं. ते सोलताना तिनं तोंड दुसरीकडे केलं होतं. नंतर नदीवर जाऊन आंघोळ करून आली. चारही अंडी तिनं अशीच दिली, एका आड एक दिवस.

पहिले दोन दिवस कुत्रीनं नुसतं ताक चाटलं आणि कोहळ्याचा, अंड्याचा एखादा घास खाल्ला. वहिनीही त्या दोन दिवसांत घासभरच जेवली. मी काही बोललो तर "भूक नाई भाऊजी" एवढंच. पाटलांनी जवळ जायचं नाही म्हणून सांगितलं होतं, ते आम्ही पाळलं नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी कुत्रीनं कण्या संपवल्या. चौथ्या दिवशी धाप जरा कमी वाटली, पण मला तसं हवं आहे म्हणून दिसतं की खरंच कमी आहे, ते कळेना. मी वहिनीला विचारलं नाही, तिनंही मला विचारलं नाही. पाचव्या दिवशी मी कावडीसाठी गाजरं धुवून ठेवली होती. मी पाठमोरा असताना कुडुमकुडुम आवाज आला. साखळी पुरते तिथपर्यंत येऊन तिनं एक गाजर ओढून नेलं होतं आणि दोन्ही पंजांत धरून खात होती. मी वहिनीला हाक मारली. ती धावत आली, तिला वाटलं काही वाईट झालं. गाजर संपेपर्यंत ती तिथंच बघत राहिली. मला म्हणाली, "मोठं होतं काय गाजर?" मी म्हटलं, चांगलं वीतभर होतं. तिनं मान हलवली. त्या दुपारी ती पोटभर जेवली.

तरी दहावा दिवस जसजसा जवळ आला तसतशी आम्हाला धास्ती होतीच. पोट उतरलं होतं, डोळे स्वच्छ झाले होते, पण पाय अजून लटपटत होते. दहाव्या दिवशी उन्हं वर आल्यावर पाटील आले, मागे कोतवाल, आणि त्यांच्या मागे दहा-बारा माणसं बांधावर लांब उभी. वहिनीनं पाण्याचं भांडं कुत्रीपासून पाच पावलांवर ठेवलं, साखळी सोडली आणि म्हणाली, "ये वं."

कुत्री उठली. एकदा बसली. पुन्हा उठली, चालत भांड्यापाशी गेली आणि सगळ्यांच्या देखत पाणी प्यायली. पिऊन झाल्यावर तिनं अनोळखी माणसं पाहिली आणि भुंकली. आवाज घोगरा होता, पण भुंकणं तिचंच होतं.

पाटील हसले. बांधावरची माणसंही हसली. कोतवालानं काठी काखेत मारली आणि मला हळूच म्हणाला की त्याला रातभर झोप नव्हती, कारण या कुत्रीच्या आईला त्यानंच वाढवलं होतं. मला ते ठाऊकच नव्हतं. पाटलांनी जाताना विचारलं, काय दिलं तिला. मी सरकीचं आणि कोहळ्याचं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी येऊन त्यांच्या कुत्र्यासाठी म्हणून एक कोहळं घेऊन गेला.

खानसाम्याला मी रताळ्यांची टोपली दिली. तो वजन करायला निघाला तेव्हा मी त्याचा हात धरला. त्यानं तराजू खाली ठेवला आणि कुत्री भुंकते का, एवढंच विचारलं.

पुढे आमच्या घरी भाजीत मीठ पडायच्या आधी आणि वरणाला फोडणी द्यायच्या आधी एक पळी बाजूला काढायची पद्धत पडली. ज्वारी स्वस्त व्हायला मग आणखी दोन-तीन वर्षं लागली, पण कुत्रीचं अडलं नाही. मळ्यात जे पिकत होतं त्यातलंच निम्मं तिला चालत होतं, फक्त आम्हाला ते ठाऊक नव्हतं.

भाऊ अकोल्याहून आला तेव्हा या गोष्टीला आठवडा झाला होता. तो गाडी सोडून हातपाय धुवून ओट्यावर बसला. मी सांगायला तोंड उघडलं, तर वहिनीनं मला हातानं थांबवलं आणि सगळं तिनंच सांगितलं. सरकी कुणी उकडली, कुणी ठेचली, एकही गोष्ट तिनं लपवली नाही, आणि अंड्यांचंही सांगितलं. सांगताना ती भावाकडे बघत नव्हती.

भावानं पूर्ण ऐकलं. मग म्हणाला, "मीबी दिली असती. मले तरी कुठं ठावं होतं."

आणि त्यानं जेवायला वाढ म्हणून सांगितलं. वहिनी आत गेली. भाकरी थापल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. मग आला.