आधी पोट बघणारे काका

सिडकोत आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे काका कुठलंही मांजर, कुत्र्याचं पिल्लू किंवा करडू दिसलं की आधी उताणं करतात. पोटावरच्या केसांतून अंगठा फिरवतात आणि खुशीत म्हणतात, "हाय!" म्हणजे बेंबी आहे.

"आईच्या पोटात नाळंनं जेवलेलं लेकरू हाय हे. याला खायचं नाय," हा त्यांचा कायदा. म्हणून मटण बंद. कोंबडी अंड्यातून येते, तिला कुठली नाळ? ती दर रविवारी चालते, आणि लई चालते.

परवा आमच्या खुराड्यात पिल्लं निघाली. काकांनी सवयीनं एक उलटं केलं. पोटावर इवलीशी ओली खूण होती. मी म्हणालो, "अंड्यातला उरलेला बलक इथूनच पोटात जातो. मग जागा बुजते."

काकांचा अंगठा तिथंच थांबला. "म्हंजी आईनं डबा बांधून दिला की याला!"

रविवारी त्यांच्याकडून वांग्याचा वास आला. मला वाईट वाटलं. संध्याकाळी पैठणहून आणलेला मासा घेऊन गेलो.

काकांनी घाईघाईनं तोंड फिरवलं आणि काकूंना हाक मारली, "अगं, आधी त्याचं पोट कापून टाक, मगच मला दाखव."